मिडलबर्ग, वॉटरफर्ड आणि जुन्या वस्तूंची दुकानं: आमच्या एक दिवसाच्या सहलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन डीसीजवळच्या ॲशबर्न, हर्नडन, लीझबर्ग या पट्ट्यातल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. पहिल्या आठवड्यात व्हाइट हाउस बाहेरून बघून होतं, दुसऱ्यात नायगारा. मग मुलं-सुना कामाला लागतात आणि आई-बाबा खिडकीतून समोरच्यांचं लॉन बघत बसतात. माझ्याकडेही हेच झालं. एका शनिवारी त्या दोघांना गाडीत घालून रूट ५० ने पश्चिमेला निघालो, आणि तिथून या सहली सुरू झाल्या. आठ-दहा माणसं, एक व्हॅन, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बोलणं मराठीत. फोनवर जे प्रश्न येतात तेच खाली दिले आहेत, बहुतेक त्याच शब्दांत.

ही सहल नेमकी कुठली? घोड्यांचं अभयारण्य वगैरे आहे का?

नाही. तिकीट काढून आत शिरायचं फाटक इथे नाही. व्हर्जिनियाच्या उत्तर भागात, ब्लू रिज डोंगरांच्या पूर्वेला, लाउडन आणि फॉकियर या दोन काउंट्यांत पसरलेला हा खासगी शेतांचा मुलुख आहे. त्याचं मुख्य गाव मिडलबर्ग. लेव्हन पॉवेल यांनी ते १७८७ साली वसवलं. अलेक्झांड्रिया आणि विंचेस्टर यांच्या मध्यावर, म्हणून हे नाव. वस्ती आजही सातशेच्या आसपास, म्हणजे पुण्यातल्या एका बऱ्यापैकी सोसायटीएवढी.

एवढंसं गाव स्वतःला देशाची ‘घोड्यांची आणि शिकारीची राजधानी’ म्हणवतं. थोडा आगाऊपणा आहे, पण निराधार नाही. पलीकडच्या अपरव्हिलमध्ये १८५३ साली सुरू झालेलं घोड्यांचं प्रदर्शन अमेरिकेतलं सर्वांत जुनं मानतात. १९०५ साली दोन धनवान हौशी माणसांत पैज लागली, कोल्ह्याच्या शिकारीला इंग्लिश कुत्रे चांगले की अमेरिकन? ती पैज याच माळांवर खेळली गेली. अमेरिकन कुत्रे जिंकले. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उत्तरेकडच्या पैसेवाल्यांना या भागाचा पत्ता लागला. पुढच्याच वर्षी ‘मिडलबर्ग हंट’ हा शिकारीचा क्लब सुरू झाला आणि जमिनी विकत घेणाऱ्यांची रीघ लागली.

ॲशबर्नच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जमीन उरली कशी?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. माझ्या मते सहलीतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

ॲशबर्नला आपण डेटा सेंटरांच्या भिंतींमधून गाडी चालवतो. तिथून अर्ध्या-पाऊण तासावर दगडी गडगे, कुरणं आणि मातीचे रस्ते लागतात. हे आपोआप झालेलं नाही. कुत्र्यांमागे घोडे सोडून रपेट करायची तर सलग मोकळं रान लागतं, आणि ते एका मालकाचं असून भागत नाही. त्यामुळे शेजारच्यानं जमिनीचे तुकडे पाडले तर आपलाही खेळ बसतो, हे इथल्या लोकांना लवकर कळलं. पुढे अनेकांनी कायदेशीर करार करून जमिनीवर वस्ती उठवण्याचा हक्क कायमचा सोडून दिला. जमीन मालकाचीच राहते, विकताही येते, पण विकत घेणाराही तिथे सोसायट्या उभ्या करू शकत नाही. बदल्यात करात सवलत मिळते.

१९९३ च्या नोव्हेंबरात डिस्नीनं इथून जवळच, हेमार्केटपाशी, अमेरिकेच्या इतिहासावरचं मोठं मनोरंजन-उद्यान जाहीर केलं. राज्य सरकार त्या बाजूनं होतं. स्थानिक जमीनदार, पर्यावरणवाले आणि इतिहासकार एक झाले, आणि १९९४ च्या सप्टेंबरात डिस्नीनं माघार घेतली. श्रीमंतांनी आपलं अंगण वाचवलं, असंही याला म्हणता येतं. इथे घर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे ते याच कारणानं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गाडीत यावर दर वेळी वाद होतो आणि मला तो आवडतो.

घोडे नक्की दिसतील ना?

दिसतील, पण वेळ पाळली तर. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेलो तो जुलैतला शनिवार होता आणि आम्ही आरामात बारा वाजता पोचलो. मैलोन् मैल कुंपणं, आत एक घोडा नाही. बाबा म्हणाले, “सगळे सुट्टीवर गेलेले दिसतात.” चूक माझी होती. उन्हाळ्यात इथे बरेच घोडे रात्री कुरणात सोडतात आणि दिवसा उन्हा-माश्यांपासून पागेत पंख्याखाली ठेवतात. थंडीत याच्या उलट. म्हणून जून ते ऑगस्ट आम्ही आधी घोडे, मग गाव, असा क्रम लावतो. एप्रिल-मेमध्ये आईच्या पायात घुटमळणारी शिंगरं दिसतात. तेव्हा गाडीतून कोणी पुढे हलू देत नाही.

रंग ओळखायची हौस असेल तर घरातल्या आजोबांना अवश्य आणा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा दिसला की कोणीतरी “पंचकल्याणी!” असं ओरडतंच. सारंगखेड्याचा बाजार पाहिलेले एक काका एकदा बरोबर होते. त्या दिवशी माझी बडबड बंद होती, सगळे त्यांचंच ऐकत होते.

घोड्यांच्या डोळ्यांवर पट्टी का बांधलेली असते? क्रूरपणा नाही का?

ती पट्टी नाही, बारीक जाळी आहे. माश्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून घालतात आणि घोड्याला त्यातून नीट दिसतं. आपल्या मच्छरदाणीसारखंच समजा.

त्यांना गाजर, गूळ, हरभरे देता येतील का?

नाही. एक काकू भिजवलेले हरभरे डब्यात घेऊन आल्या होत्या आणि त्यांचा हिरमोड करताना मलाच वाईट वाटलं. कारणं साधी आहेत. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोट बिघडलं तर प्रकरण जिवावर बेततं. काहींना गोड वर्ज्य असतं. त्यानं खुरांचा आजार बळावतो. एकाला दिलं की बाकीचे धावत येतात आणि एकमेकांना लाथा घालतात. शिवाय फळीच्या कुंपणावरून विजेची तारही गेलेली असू शकते. घोडा आणि जमीन दोन्ही दुसऱ्याची आहेत. कुंपणाबाहेर उभं राहून बघा, फोटो काढा. तो स्वतःहून जवळ आला तर बोला. मराठीत बोललेलं त्याला चालतं.

घोड्यावर बसायला मिळेल का? नातवंडं फार मागे लागली आहेत.

आमच्या सहलीत नाही. घोडेस्वारी शिकवणाऱ्या पागा वेगळ्या असतात. तिथे आधी वेळ ठरवावी लागते, हेल्मेट लागतं आणि जोखीम आपली असल्याच्या कागदावर सही करावी लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी घोडेवाल्याशी भाव ठरवून दोन चकरा मारायच्या, तसला प्रकार इथे शोधू नका.

कुरणाच्या कुंपणात मधेच तिरक्या फळ्यांची त्रिकोणी खोकी असतात, ती कशासाठी?

शाबास, बारीक नजर आहे. त्याला इथे ‘कूप’ म्हणतात, कोंबड्यांच्या खुराड्यावरून. शिकारीच्या रपेटीत स्वारांनी कुंपणावरून उडी मारायची ती तिथूनच. तारेवरून उडी जिवावर बेतते आणि फाटक उघडं राहिलं तर गुरं निसटतात, म्हणून ही सोय. एकदा ओळखायला लागलात की सगळ्या मुलुखाचे अदृश्य रस्ते दिसायला लागतात: या टेकडीवरून त्या ओढ्याकडे, तिथून पलीकडच्या शेतात.

म्हणजे कोल्ह्याची शिकार अजून होते? आईला ते बघवणार नाही.

आईंना सांगा, आम्ही शिकार दाखवत नाही. पण माहिती असू द्या. अमेरिकेत या खेळाचा भर कोल्ह्याचा माग काढण्यावर आणि पाठलागावर असतो, मारण्यावर नाही. कोल्हा बिळात शिरला की बहुतेक वेळा तिथेच खेळ संपतो. खरा मोसम नोव्हेंबर ते मार्च. कुत्र्यांना इथे ‘डॉग’ म्हटलं तर नाराजी होते, ‘हाउंड’ म्हणायचं, आणि मोजायचे जोडीनं: साडेबारा जोड्या म्हणजे पंचवीस. आपल्याकडे बैल जोडीनं मोजतात, त्यामुळे बाबांना हे लगेच पटलं.

शिकारीविना हा थाट बघायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मिडलबर्गला या. नाताळच्या सोहळ्यात लाल कोटातले स्वार आणि हाउंडांचा कळप मुख्य रस्त्यावरून मिरवत जातो. गर्दी इतकी की आम्ही त्या दिवशी सहल ठेवत नाही. आपली गाडी घेऊन पहाटे निघा.

मार्ग कसा असतो? एका दिवसात सगळं होतं का?

होत नाही, आणि तसा आग्रहही धरू नका. आम्ही दोन वेगळे मार्ग ठेवले आहेत.

दक्षिणेचा मार्ग रूट ५० ने. पहिला थांबा ऑल्डी. इथली पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी चार्ल्स फेंटन मर्सर यांनी १८०७ ते १८०९ या काळात बांधली. शेजारी-शेजारी दोन चाकं आहेत आणि मोसमात शनिवार-रविवारी ती चालवून दाखवतात. जात्यावर दळलेल्या पिढीच्या बायका इथे गाईडलाच प्रश्न विचारतात: टाकी कशी लावता, पीठ गरम होतं का. पुढे मिडलबर्ग, तिथे जेवण आणि दुकानं. मग गूज क्रीकवरचा चार कमानींचा जुना दगडी पूल. अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ च्या जूनमध्ये, ऑल्डी, मिडलबर्ग आणि अपरव्हिल इथे पाच दिवसांत घोडदळाच्या तीन लढाया झाल्या. त्यातली शेवटची या पुलापाशी पेटली. आज तिथे फक्त पाण्याचा आवाज असतो. शेवटी अपरव्हिलचं ट्रिनिटी चर्च. इथले धनाढ्य रहिवासी पॉल मेलन आणि त्यांच्या पत्नी बनी यांनी ते फ्रान्समधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चच्या धर्तीवर बांधून गावाला दिलं. १९६० साली पुरं झालं, पण बघणारा ते सातशे वर्षांचं समजतो.

उत्तरेचा मार्ग लीझबर्ग, वॉटरफर्ड आणि रूट १५ वरच्या लकेट्सकडचा. घोडे कमी, इतिहास आणि जुन्या वस्तू जास्त. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी दक्षिणेचा सांगतो. माझा स्वतःचा जीव वॉटरफर्डवर आहे.

वॉटरफर्डमध्ये बघण्यासारखं काय आहे? फोटोत तर नुसती घरं दिसतात.

नुसती घरंच आहेत, आणि त्यांत लोक राहतात. १७३३ च्या सुमारास एमोस जॅनी हा क्वेकर पंथाचा माणूस पेनसिल्व्हेनियातून आला आणि ओढ्याकाठी वस्ती झाली. गिरणी आली, कारागीर आले. पुढे रेल्वे आणि मोठे रस्ते बाजूनं निघून गेले, गाव मागे पडलं आणि म्हणूनच वाचलं. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. १९४३ पासून गावकऱ्यांच्या संस्थेनं एकेक घर दुरुस्त करायला घेतलं. आज अख्खं गाव राष्ट्रीय वारसा आहे.

क्वेकर युद्ध मानत नाहीत आणि गुलामगिरीला त्यांचा विरोध. व्हर्जिनिया तर गुलामगिरीच्या बाजूनं संघराज्यातून फुटलेलं. त्या राज्यात हे गाव संघराज्याशी निष्ठावान राहिलं. १८६४ साली इथल्या तीन क्वेकर तरुणींनी संघराज्याच्या बाजूचं ‘वॉटरफर्ड न्यूज’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. आठ अंक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीला संघराज्याच्याच सैन्यानं या भागातली कोठारं, गिरण्या, गवताच्या गंजी जाळल्या, कारण शत्रूच्या छापेमारांना इथून दाणागोटा मिळत होता. जाळताना निष्ठावान कोण, हे कोणी विचारलं नाही. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यांनीच कोठार पेटवलं. ही गोष्ट मी गिरणीसमोर उभा राहून सांगतो, आणि त्यानंतर त्या नुसत्या घरांकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात.

सेकंड स्ट्रीटवरची एका खोलीची शाळाही बघा. यादवी संपल्यावर, १८६७ साली, कृष्णवर्णीय मुलांसाठी ती उभी राहिली.

एक विनंती: अंगणात शिरू नका, खिडकीतून डोकावू नका. आपल्या वाड्यात कोणी असं केलं असतं तर आजीनं पाणी फेकलं असतं.

हे छापेमार म्हणजे आपल्या गनिमी काव्यासारखंच का?

जॉन मॉस्बी आणि त्याचं घोडदळ. पद्धत तीच: छोटी टोळी, मुलुखाची खडा न् खडा माहिती, रात्री घाला घालायचा आणि दिवसा शेतकरी बनून मिसळून जायचं. त्याला ‘करडं भूत’ म्हणत. बाबा लोकांना तो लगेच आवडतो. तिथे मी एवढंच आठवण करून देतो की तो ज्या बाजूनं लढला ती बाजू गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली होती. या मुलुखातले सुंदर वाडे आणि गडगे उभारणाऱ्या हातांत गुलामांचे हात होते. लीझबर्गच्या दक्षिणेला ओटलँड्सचा वाडा आहे. यादवीच्या तोंडावर तिथे शंभराहून अधिक माणसं गुलामीत होती. वेळ असेल तर आम्ही तिथे थांबतो. काहींना सहलीत हे नको असतं. मग दुसरे कोणी बरे गाईड बघा.

केनेडींचं घर दाखवता का?

नाही. जॅकी केनेडींना घोडेस्वारीचं वेड, म्हणून केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना दोघांनी आधी इथे ग्लेन ओरा ही जागा भाड्यानं घेतली आणि १९६३ साली जवळच वेक्सफर्ड बांधलं. दोन्ही खासगी मालमत्ता. दिसतं ते मिडलबर्गचं रेड फॉक्स इन. १७२८ पासूनची परंपरा सांगणारं हे जुनं पथिकगृह. केनेडी सुट्टीला आले की त्यांचे माध्यम सचिव पत्रकारांना इथेच गाठत. आत जेवता येतं, खिसा मोकळा हवा.

शेतांच्या आत, पागांमध्ये कधीच जाता येत नाही का?

वर्षातून एकदा येतं. मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत, ट्रिनिटी चर्च ‘हंट कंट्री स्टेबल टूर’ भरवतं. एरवी बंद असलेल्या कितीतरी पागा तिकीट काढून, आपापल्या गाडीनं फिरून बघता येतात. काही पागा बघून आई म्हणाली होती, “आपल्या दादरच्या खोलीपेक्षा मोठी आहे गं बाई ही घोड्याची खोली.” शर्यत बघायची असेल तर मेच्या पहिल्या शनिवारी द प्लेन्सजवळच्या ग्रेट मेडोवर ‘व्हर्जिनिया गोल्ड कप’ असतो. महालक्ष्मीसारखी सपाट धाव नव्हे, लाकडी कुंपणांवरून उड्या मारत पळायचं.

दुकानांत सगळं अस्सल जुनं असतं का?

नसतं. अमेरिकन सीमाशुल्क खातं शंभर वर्षांपुढच्या वस्तूला ‘अँटिक’ मानतं. त्यापेक्षा नवं ते ‘व्हिंटेज’, आणि त्याहून नवं ते नुसतंच वापरलेलं. एकाच छताखाली तिन्ही मिसळलेलं असतं, कारण बऱ्याच दुकानांत वीस-तीस वेगवेगळ्या विक्रेत्यांचे गाळे असतात. जुना बाजार किंवा चोर बाजार ज्यानं पालथा घातला आहे त्याला हे सांगायला नको.

ओळखायच्या दोन-चार खुणा देतो. लाकडी खण बाहेर ओढा आणि कोपऱ्यातले सांधे बघा. एकसारखे, मोजून कापल्यासारखे असतील तर यंत्राचे, थोडे वेडेवाकडे असतील तर हाताचे. खिळा चौकोनी असेल तर जुना. गोल तारेचे खिळे १८९० नंतर सर्रास झाले. चिनी मातीच्या भांड्याखाली देशाचं नाव असेल तर बहुधा ते १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून आयात मालावर देश लिहिणं सक्तीचं झालं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ मधलं. घोड्यांच्या, शिकारीच्या चित्रांचा इथे सुळसुळाट आहे. भिंग घेऊन बघा. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई, सोनेरी चौकट कितीही भारदस्त असो.

घासाघीस करता येते का?

येते, पण तुळशीबागेची नव्हे. अर्ध्या किमतीपासून सुरुवात केली तर समोरचा गप्प बसतो आणि पुन्हा वर बघत नाही. हसून विचारायचं, “इज दॅट युवर बेस्ट प्राइस?” दहा टक्के सुटतात, कधी पंधरा. चिठ्ठीवर ‘फर्म’ लिहिलं असेल तर विचारू नये. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर जास्त सुटतं, आणि मालक स्वतः गल्ल्यावर असेल तर आणखी. लाउडनमध्ये वर सहा टक्के विक्रीकर लागतो, तो धरून चाला.

घ्यावं असं काय असतं? उगाच शोभेच्या वस्तू नको आहेत.

बिडाचा तवा. डोळे मिटून. इथल्या जुन्या बिडाच्या भांड्यांना तोड नाही: पेनसिल्व्हेनियातल्या ईरीचं ग्रिसवॉल्ड, ओहायोतल्या सिडनीचं वॅगनर. हल्लीच्या भांड्यांपेक्षा हलकी आणि आतून गुळगुळीत, त्यामुळे घावन सुटसुटीत निघतं. मडकं घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेरानं वाजवून बघा; खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर तडा आहे. सपाट फळीवर ठेवून डुगडुगतं का बघा. वरचा गंज घाबरण्यासारखा नाही, तो निघतो. खड्डे पडले असतील तर सोडा. रंगीत जुनी काचेची आणि चकचकीत मातीची भांडी मात्र फडताळातच ठेवा, जेवायला नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आणि पितळ! दर सहलीत कोणीतरी आनंदानं ओरडतं, “अगं, आपलं घंगाळ!” उलटं करून बघा, तळाला ‘इंडिया’ असा शिक्का असतो. यातलं बरंचसं काही दशकांपूर्वी मुरादाबादहून निर्यात झालेलं आहे. छान दिसतं, पण ते अँटिक नाही. हौस म्हणून घ्या, अँटिकचे पैसे देऊ नका. हस्तिदंती काहीही घेऊ नका, कितीही जुनं असलं तरी, सीमेवर अडकेल. जुनी देवमूर्ती दिसली आणि ती आली कुठून याची कागदपत्रं नसली तर नमस्कार करून पुढे व्हा.

हे सगळं भारतात नेता येईल का?

तवा चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. केबिन बॅगेत बिडाचा तवा चालत नाही, सुरक्षा तपासणीतच अडवतात. तीन तव्यांत बॅगेचं वजन कुठे गेलं ते कळत नाही, म्हणून घरी काटा ठेवा. फर्निचर नेण्याचा विचार सोडा.

जेवणाचं काय? बाबांना बाहेरचं चालत नाही.

डबा आणा, आम्हीही आणतो. मिडलबर्गमध्ये शाकाहारी म्हणजे सॅलड, सूप, चीज घातलेलं काहीतरी. बाहेरच्या बाकांवर पोळी-भाजी, दशम्या, चटणी उघडली की माझ्याकडच्या गोऱ्या ड्रायव्हरचा हात पहिला पुढे येतो. शरद ऋतूत वाटेवर सफरचंदाचा रस घातलेले गरम डोनट मिळतात. मधुमेह्यांनी नवऱ्याचा किंवा बायकोचा डोळा चुकवून खाऊ नयेत. वायनरी या भागात भरपूर आहेत, पण त्या आमच्या मार्गात नाहीत. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं चालत नाही आणि आपला डबा हे आमचं मुख्य आकर्षण आहे.

स्वच्छतागृहं? गुडघेदुखी आहे, चालावं किती लागेल?

दर दीड तासानं थांबतो आणि कुठे ते आधीच सांगतो. वॉटरफर्डमध्ये मात्र सार्वजनिक सोयीचा भरवसा धरू नका; लीझबर्गलाच उरकून घ्या. मिडलबर्गचे पदपथ विटांचे, मुळांनी वर उचललेले आहेत. वॉटरफर्डला चढ आहे आणि काही भागांत पदपथच नाही. काठी आणा, संकोच करू नका. व्हीलचेअर असेल तर दक्षिणेचा मार्ग घ्या.

कपडे, बूट?

पायघोळ पँट, मोजे, बंद बूट, उन्हाळ्यातसुद्धा. गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून लाइमचा आजार होतो. लाउडनमध्ये तो चांगलाच आहे. घरी गेल्यावर घोटे, गुडघ्यामागचा भाग, कमर बघा. गडग्यांना हात लावू नका, तिथे तीन पानांची खाजरी वेल असते. साडी चालते, पण गवतात उतरायचं नाही.

कुठल्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरचा मध्य. झाडांना रंग चढलेला असतो, हवा कोरडी, घोडे दिवसा बाहेर. वॉटरफर्डची कारागिरांची जत्राही ऑक्टोबरमध्येच भरते; त्या दिवसांत गावात गाडी नेणं कठीण, म्हणून ती आम्ही वेगळी ठेवतो. दुसरी पसंती मेचा पूर्वार्ध. सोमवार-मंगळवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात.

आईला दुकानं आवडतील. बाबांना कंटाळा येतो, त्यांनी तेवढा वेळ काय करायचं?

मिडलबर्गमध्ये मुख्य रस्त्याच्या टोकाला ‘नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियम’ आहे. १९५४ साली सुरू झालेली ही संस्था घोडे, शिकार, मासेमारी यांवरची पुस्तकं आणि चित्रं जपते. ती बंद असली तरी हरकत नाही, बाहेरचा घोडा बघायला मिळाला की पुरे. यादवी युद्धात मेलेल्या, जखमी झालेल्या आणि रोगानं गेलेल्या पंधरा लाख घोड्या-खेचरांचं ते कांस्य स्मारक आहे. ट्रिनिटी चर्च देणारे पॉल मेलन यांनीच ते टेसा पुलन या शिल्पकर्तीकडून करून घेतलं. उधळलेला, पुढचे पाय वर घेतलेला घोडा नाही. पाठीवर खोगीर, बरगड्या दिसतायत, मान खाली. वर स्वारही नाही.

बाबा मंडळी तिथे पोचली की बोलवायला मलाच जावं लागतं, कारण फोन उचलत नाहीत.